तीन नंबरचा साचा

पप्पा कॉम्प्युटरला साचा म्हणायचे. मिलमध्ये कापड विणायच्या यंत्राला साचा म्हणतात, आणि पप्पांची सगळी तरुणपणाची वर्षं साचाखात्यात गेली. मिल बंद पडल्यावर कुणी वडापावची गाडी लावली, कुणी बिल्डिंगखाली वॉचमन म्हणून बसलं, कुणी सरळ गाव गाठलं. पप्पांनी लालबागच्या आमच्या चाळीच्या तळमजल्यावरचा गाळा घेतला, त्यात चार सेकंडहँड कॉम्प्युटर मांडले आणि बाहेर 'मैत्री सायबर' असा निळा बोर्ड लावला. ईमेल कशाशी खातात हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. पण मशीन म्हणजे मशीन. ते पुसायचं, त्याचा आवाज ऐकायचा, माणसाला त्याच्यापुढे नीट बसवायचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. रोज सकाळी फडकं घेऊन ते चारी साचे पुसायचे आणि मला हाक मारायचे, "वैशू, तीन नंबरचा साचा आज कुरकुरतोय." ती हाक तिसऱ्या मजल्यापर्यंत जायची. मिलच्या खडखडाटात त्यांचे कान निम्मे गेलेले, त्यामुळे ते बोलायचे ते ओरडूनच. आमच्या घरात कानगोष्ट नावाचा प्रकारच नव्हता. आईला काही गुपचूप सांगायचं असलं तरी ते अख्ख्या चाळीला कळायचं, आणि मग चाळ त्यावर आपलं मत द्यायची.

मी तेव्हा बारावीला होते. कॉलेज सुटलं की काउंटरवर मीच. समोरच्या गल्लीत मसाल्याची दुकानं, तिथली मिरची कुटायची यंत्रं दिवसभर धाडधाड चालायची आणि तिखटाचा धुरळा उडत थेट आमच्याकडे यायचा. आमच्या सायबरमध्ये येणारं माणूस आधी दोनदा शिंकायचं आणि मग लॉगिन करायचं. वर पहिल्या मजल्यावर आमच्या खोलीत आई बोंबलाचं कालवण करत असायची, शेजारी मालतीकाकींकडे सोलकढीचा नारळ वाटला जात असायचा. हे सगळे वास आणि आवाज एकत्र आले की मला अजूनही अभ्यासाला बसावंसं वाटतं, कारण माझा सगळा अभ्यास त्यातच झाला. अशी पोरगी पुढे महापालिकेच्या शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवणार, हे मात्र तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

काउंटरवर एक रजिस्टर असायचं. पेन सुतळीनं बांधलेलं. पोलिसांचा नियमच होता तसा: येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, किती वाजता बसला, किती वाजता उठला, कुठल्या मशीनवर, आणि सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. पप्पा नियमाला पक्के. ओळखपत्र नाही तर बसायचं नाही, अशी पाटीच त्यांनी लिहून लावलेली. आता चाळीतल्या पोरांना कोण ओळखपत्र मागणार? लहानपणापासून एका नळावर पाणी भरलेली पोरं ती. मागितलं तर तोंडावर हसायची, वर आणि काकींकडे तक्रार जायची की वैशू फार शहाणी झाली. म्हणून मी एक युक्ती काढली. घरचं कुणी आलं की रजिस्टरमध्ये माझंच नाव लिहायचं आणि माझ्याच कॉलेजच्या ओळखपत्राची झेरॉक्स लावायची. कागदावर नियम पाळला, माणूसही दुखावला नाही. पप्पांना लिहिलेलं वाचायला चष्मा लागायचा आणि चष्मा कायम वरच्या खोलीत असायचा, त्यामुळे माझं फावलं. त्या रजिस्टरप्रमाणे मी संध्याकाळी सहा ते सात एकाच वेळी तीन-तीन मशीनवर बसलेली असायचे. मला त्यात काहीच गैर वाटत नव्हतं. उलट स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटायचं.

लिंथोई आमच्याकडे आली ती दुसऱ्या मजल्यावर भाड्याने. मणिपूरची. परळच्या एका हॉस्पिटलात नर्स होती, माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायचे, आई तिला लिंती म्हणायची, आणि चाळ तिला काय म्हणायची ते मी इथे एकदाच लिहिते, कारण लपवण्यात अर्थ नाही: चिंकी. तोंडावरही म्हणायचे. प्रेमानेच म्हणतो, असं वर सांगायचे. दर रविवारी संध्याकाळी ती सायबरमध्ये यायची आणि तीन नंबरवर बसून आईशी बोलायची. तिकडे तिची आई फक्त बायकाच विकायला बसतात अशा बाजारात भाजी विकायची. तीही रविवारी कुठल्याशा सायबरमध्ये येऊन बसायची. चित्र सारखं अडकायचं. तोंड उघडलेलंच राहायचं आणि आवाज मागून यायचा. लिंथोई हेडफोन घालून "इमा, इमा" करत मोठमोठ्यानं बोलायची, आणि पप्पांना ते फार आवडायचं. कुणीतरी आपल्यासारखं ओरडून बोलणारं मिळालं, म्हणायचे.

एकदा तिच्या खोलीतून वास आला म्हणून चाळीत आरडाओरडा झाला. बिचारीनं आंबवलेली मासळी भाजली होती. ङारी म्हणायची ती त्याला. तो ङ आपण पहिलीत पाटीवर गिरवतो आणि नंतर आयुष्यात कधी तोंडात घेत नाही, तो मी तिच्याकडून शिकले. तक्रार करायला गॅलरीत कोण जमलं होतं, तर ज्यांच्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते त्याच बायका. आमची आई तेवढी वर गेली आणि वाटीभर घेऊन खाली आली. उकडलेला बटाटा, भाजी, भरपूर मिरची आणि ती मासळी, सगळं कुस्करून एकत्र. एरोंबा. आईनं एक घास खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि जाहीर केलं की ही आपल्या सुक्या बोंबलाच्या चटणीची मावसबहीण आहे. त्यानंतर आमच्याकडे काही खमंग झालं की एक वाटी वर जायची आणि वरची वाटी कधी रिकामी परत यायची नाही.

आणि राजा. राजा हा चाळीचा कुत्रा, कुणा एकाचा नाही. तांबूस, एक कान फाटलेला, सायबरच्या पायरीवर झोपायचा. लिंथोई रात्रपाळी संपवून सकाळी यायची तेव्हा तो कोपऱ्यापर्यंत तिला घ्यायला जायचा, कारण तिच्या डब्यातली उरलेली पोळी त्याची ठरलेली. एका रविवारी मी तीन नंबरचा वेबकॅम वायरीनं लांब ओढून, टायमर लावून आमचा तिघांचा फोटो काढला. लिंथोई खाली बसलेली, राजाची मान तिच्या कुशीत, आणि तिच्या शेजारी मी, माझा डावा हात राजाच्या पाठीवर. हातात हिरव्या काचेच्या दोन बांगड्या. फोटो मी त्याच मशीनवर ठेवून दिला. फार छान आला होता.

आता नितीनबद्दल. मालतीकाकींचा मुलगा, शेजारच्याच खोलीतला. काकी मालवणच्या, त्यांचे यजमानही मिलवाले. पप्पांना गाळा मिळावा म्हणून चाळीच्या कमिटीत शब्द टाकला तो त्यांनी. नेटची केबल गच्चीवरून खाली आणली ती नितीननं, पायपावर चढून, खाली काकी देवाचा धावा करत असताना. मला टायपिंग शिकवलं त्यानंच. आई आजारी होती तेव्हा पंधरा दिवस काकींच्या हातचं जेवलो आम्ही. नितीन वाईट नव्हता. हे मी आजही लिहिते आणि माझ्या ओळखीतले काही जण त्यावरून माझ्याशी वाद घालतात. वाईट असता तर सोपं झालं असतं.

एका सोमवारी राजा दिसेनासा झाला. आधी वाटलं, असेल कुठे. मंगळवारी पोरं शोधून आली. बुधवारी नळावर कुणीतरी म्हणालं, वरची आहे ना, त्यांच्यात खातात म्हणे. कुणी म्हणालं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ते वाक्य संध्याकाळपर्यंत चारी मजल्यांवर फिरलं, आणि तिथवर तसं ते चाळीतच होतं. आईनं गॅलरीत उभं राहून दोघींना झापलंही. पण गुरुवारी नितीन तीन नंबरवर बसला. त्या काळी नेटवर गल्लीगल्लीचे ग्रुप असायचे, तसा लालबाग-परळचा एक होता, त्यात सगळे टोपणनावानं, कोण कुठला कुणाला पत्ता नाही. त्यानं माझा तो फोटो घेतला, मला कापून टाकलं, आणि खाली लिहिलं की आमच्या चाळीचा राजा ह्या बाईनं खाल्ला, हॉस्पिटलात कामाला आहे, ह्या ह्या गल्लीत राहते. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: वैशाली, मशीन तीन, सहा ते सात.

मी ते शुक्रवारी बघितलं. खाली ढीगभर लोकांनी लिहिलेलं. शिव्या, हसणं, आणि 'धडा शिकवायला पाहिजे' वगैरे. फोटोत राजाच्या पाठीवर एक हात उरला होता, कापताना राहून गेलेला, हिरव्या बांगड्यांचा. मी नित्याला म्हटलं, काढ ते. तो म्हणाला, टाइमपास आहे गं, दोन दिवसांत विसरतील सगळे. मी म्हटलं, बरं. हे 'बरं' मी अजून गिळू शकलेले नाही. मला पासवर्ड माहीत नव्हता हे खरं, पण पप्पांना सांगता आलं असतं, काकींना सांगता आलं असतं, लिंथोईला तरी सांगता आलं असतं की दोन दिवस जपून ये. मी काहीच केलं नाही, कारण मला नितीनशी वाकडं घ्यायचं नव्हतं.

पुढच्या सोमवारी सकाळी मी शटर उघडत होते. लिंथोई ड्युटीवरून येत होती. कोपऱ्यावर चार पोरं उभी होती, आमच्या गल्लीतली नव्हती. मसाल्याची यंत्रं चालू झाली होती, त्यामुळे तिचं ओरडणं कुणाला ऐकू आलं नाही. मला दिसलं ते एवढंच की एकानं तिचे केस धरलेत आणि दुसऱ्याच्या हातात मोबाइल आहे, तो शूट करतोय. शटर ओढायचा आकडा लावलेली लांब सळई माझ्या हातात होती, ती घेऊन मी धावले. मागून पप्पा ओरडले, आणि त्यांचं ओरडणं मात्र यंत्रांवरून पार गेलं. पोरं पळाली. लिंथोई रस्त्यावर बसली होती, उजवा हात डाव्या हातानं धरून. हात कोपराखाली भलत्याच बाजूला वळला होता. डबा उघडून पोळी रस्त्यावर पडली होती. ती मला काहीतरी म्हणाली ते तिच्या भाषेत, आणि मग हिंदीत पुन्हा म्हणाली की टोपी शोध, युनिफॉर्मची टोपी, नवीन आहे.

ती जिथे नोकरी करायची त्याच हॉस्पिटलात तिला ठेवलं. मी दुसऱ्या दिवशी गेले. रस्ताभर मी वाक्य जुळवत होते, की फोटो मी काढलेला, मी शुक्रवारी बघितलं होतं. वॉर्डात पोचले तर तिनं आधी मलाच विचारलं.

"राजा मिला क्या?"

मी नाही म्हटलं आणि मग रडत रडत सगळं सांगितलं, नितीनचं नावसुद्धा. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे, तेरी गलती नहीं. ती तसं म्हणाली नाही. पंख्याकडे बघत म्हणाली की मी दर रविवारी ओळखपत्र आणायचे. वर्षभर. तू मला ओळखत होतीस, माझ्या खोलीत जेवत होतीस, तरी दर रविवारी तू हात पुढे करायचीस आणि मी ओळखपत्र द्यायचे. बाकी कुणाचं तू मागत नव्हतीस, मला दिसायचं. एवढं बोलून तिनं तोंड भिंतीकडे केलं. मी घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं की त्या अख्ख्या जाड रजिस्टरात खऱ्या नोंदी होत्या त्या फक्त परक्यांच्या. मला तोवर स्वतःबद्दल असं काही माहीतच नव्हतं.

गुरुवारी, म्हणजे अकराव्या दिवशी, राजा परत आला. आपणहून, चालत. पुढचा पाय धरून, अंगाला कसलंसं काळं तेल. कुठल्या तरी टेम्पोत चढून वडाळ्याच्या यार्डापर्यंत गेला असेल, असं पप्पांचं म्हणणं. तो नेहमीच्या पायरीवर येऊन झोपला. चाळ गॅलरीत येऊन बघत होती. कुणीतरी वरून बिस्कीट टाकलं. नितीननं दारातून डोकावून पाहिलं आणि तो आत गेला. मी पळत जाऊन मशीन चालू केलं. ती पोस्ट आता दुसऱ्या चार ग्रुपांवर गेली होती, आणि मारहाणीचा तो व्हिडिओसुद्धा. राजा परत आल्याचं मी खाली लिहिलं. कुणी वाचलं नाही. कुणीतरी उत्तर दिलं की हा दुसरा कुत्रा असेल.

त्याच संध्याकाळी काकी आमच्या खोलीत आल्या. हॉस्पिटलच्या मेट्रननं पोलिसांचा पिच्छा पुरवला होता, पोस्ट कुठून पडली ते शोधत ते आमच्या सायबरपर्यंत पोचले होते आणि उद्या सकाळी रजिस्टर घेऊन या असा निरोप देऊन गेले होते. काकींना ते कळलं होतं, सगळ्या चाळीलाच कळलं होतं. त्या येताना कुळथाची पिठी घेऊन आल्या. आईच्या हातात पातेलं दिलं आणि माझ्याजवळ खाली बसल्या.

"गो वैशू, माझ्या हातचा खाऊन वाढलंस तू," त्या म्हणाल्या. "एक पान फाडूचा आसा, दुसरा काय? पाणी सांडला म्हणून सांग. माझ्या झिलाचा आयुष्य आसा त्यात."

नितीन दारात उभा होता. तो एवढंच म्हणाला, "मी हात पण नाय लावला तिला, वैशू." आणि ते खरं होतं. त्याला खरोखर वाटत होतं की त्यानं काही केलेलं नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आई पातेलं धरून उभी होती, खाली ठेवायचं की परत द्यायचं हे तिला कळत नव्हतं.

ते गेल्यावर पप्पांनी रजिस्टर मागवलं. चष्मा लावला. एक पान, दुसरं पान, तिसरं. माझी युक्ती त्यांना तेव्हा कळली. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. पप्पांनी आयुष्यात कधी हात उचलला नव्हता, पण मी गाल तयार ठेवला होता. उद्या खरं सांगायचं तर आधी हे सांगावं लागणार होतं की रजिस्टर खोटं आहे, आणि ते सांगितलं की गाळ्याला टाळं. एवढं त्यांनाही समजत होतं आणि मलाही. पप्पांनी रजिस्टर मिटलं आणि बोलायला लागले, नेहमीच्या आवाजात, म्हणजे चारी मजल्यांना ऐकू जाईल असे.

"तुझे आजोबा मिलमध्ये होते, पण साचाखात्यात नाही. तिथे पगार बरा, पण आपल्या माणसाला घेत नसत. का? धोट्यात सूत ओवायचं तर ते तोंडानं ओढावं लागायचं. आपलं तोंड लागलेला धोटा दुसरा कसा तोंडाला लावणार? हे कुठे लिहिलेलं नव्हतं. कुणीतरी बोललं, बाकीच्यांनी मान हलवली, आणि माझा बाप जन्मभर दुसऱ्या खात्यात रुई ओढत खोकत मेला. मला घेतलं तेव्हा पहिल्याच दिवशी मी धोटा तोंडाला लावला, आणि शेजारचा साचेवाला उठून दुसरा धोटा आणायला गेला. त्यानंही मला हात लावला नव्हता."

धोटा म्हणजे साच्यात आडवा धावणारा, सुताची कांडी पोटात धरणारा लाकडी तुकडा. पप्पांनी एक घरी आणून ठेवलेला होता, आमच्या बुद्धमूर्तीच्या बाजूला फळीवर. मी लहानपणी त्याची होडी करून खेळले होते. त्याची ही गोष्ट मला तोवर कुणी सांगितली नव्हती. पप्पा थांबले. कुणाच्या तरी घरातला टीव्ही बंद झालेला मला कळला. मग ते म्हणाले की गाळा गेला तर मी वॉचमन होईन, त्याची काळजी तू करू नकोस. मी सोबत येतो. पण लिहिलंस तू, तर बोलायचं तूच.

मी त्या रात्री झोपले. लोकांना वाटतं मी तळमळले असेन. नाही. माझं ठरलं होतं, आणि ठरलं की मला झोप येते. सकाळी मी त्याच हिरव्या बांगड्या घातल्या, रजिस्टर पिशवीत घातलं, आणि पप्पांबरोबर पोलीस स्टेशनला गेले. जाताना काकींचं दार बंद होतं. आईनं ते पातेलं घासून, चकचकीत करून त्यांच्या उंबऱ्यावर ठेवलं होतं, आणि आत मूठभर साखर. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, ही आमच्या चाळीची रीत होती आणि आई ती त्याही दिवशी मोडणार नव्हती.

साहेब तरुण होते. त्यांनी तो गुरुवार काढला, सहा ते सातच्या ओळीवर बोट ठेवलं, मग ते बोट वरच्या ओळीवर नेलं, मग खालच्या. मला म्हणाले की तू एकाच वेळी तीन कॉम्प्युटरवर बसतेस, हुशार आहेस. हवालदार हसले. पप्पांना ते ऐकू आलं नाही, त्यांनी "काय म्हणतात?" असं एवढ्या मोठ्यानं विचारलं की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. साहेबांनी विचारलं, मग हे तू लिहिलंस का नेटवर?

"नाव माझं आहे साहेब, पण बसला होता नितीन," मी म्हटलं. "ओळखीच्या सगळ्यांना मी माझ्या नावावर बसवायचे. फोटो मी काढला. हा हात माझा आहे. आणि कुत्रा काल परत आला, आमच्या पायरीवर झोपलाय, येऊन बघा."

मी हात पुढे करून टेबलावरच्या त्या पोस्टच्या प्रिंटशेजारी ठेवला. बांगड्या त्याच. हवालदार हसायचे थांबले. जबाब लिहायला दोन तास लागले, आणि मी प्रत्येक ओळ वाचून मगच सही केली. हवालदारांनी दोनदा घाई केली, दोनदा मी त्यांना थांबवलं.

पुढचं थोडक्यात सांगते. गाळ्याला टाळं लागलं आणि पप्पा खरोखरच परळला एका टॉवरखाली वॉचमन झाले. ज्या मिलच्या जागेवर तो उभा आहे तिथेच त्यांचा साचा होता. त्या चारांतले दोघे सापडले, दोघे सापडले नाहीत. नितीनला पकडलं, सोडलं, केस वर्षानुवर्षं चालली आणि मी प्रत्येक तारखेला गेले. काकी माझ्याशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. त्या गेल्या तेव्हा मी तिरडीमागून चालले, पण आत बोलावलं नाही कुणी, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. त्यांच्या हातची सोलकढी मला अजून आठवते आणि अजून रडू येतं. तरीही पान फाडायला हवं होतं असं मला एक दिवसही वाटलेलं नाही. लिंथोई हात प्लास्टरमध्ये असतानाच परत आली, दुसऱ्या मजल्यावर, त्याच खोलीत. घरमालक कुरकुरला तेव्हा आईनं त्याला जिन्यातच गाठलं. ड्युटी सुरू झाल्यावर रोज सकाळी मी कोपऱ्यावर जाऊन उभी राहायचे, ती यायची, आणि मी, ती आणि लंगडा राजा असे तिघं गल्लीच्या मधोमध चालत यायचो. पहिले काही महिने ती माझ्याशी फारसं बोलली नाही. माफ केलं असं तिनं कधीच म्हटलं नाही. पण एक दिवस वरून वाटी आली, एरोंबाची.

आता ती तिकडे, तिच्या घरी असते. मधे मणिपूर पेटलं तेव्हा महिनोन्महिने नेट बंद होतं, आणि ती जिवंत आहे की नाही एवढंसुद्धा मला कळत नव्हतं. शाळेत मुलं मला विचारतात की मॅडम, नेट चांगलं की वाईट. मी त्यांना सांगते की नळावर बोललेलं वाक्य चार मजल्यांवर गेलं होतं आणि आईनं ते गॅलरीतून झापून थांबवलंही असतं. तीन नंबरवरून ते जिथे गेलं तिथे झापायला कुणाची आई नव्हती. आणि तिकडे नेट नव्हतं तरी घरं जळलीच. यातून काय घ्यायचं ते तुम्ही घ्या, असं म्हणून मी पुढचा धडा काढते.

तो फोटो अजून फिरतो. वर्ष-दोन वर्षांनी माझ्या फोनवर येऊन पोचतो, कधी नातेवाइकांच्या ग्रुपवर, कधी शाळेच्या. शहराचं नाव बदललेलं असतं. महामारीच्या वर्षी त्याखाली आजार पसरवणारी बाई असं लिहून आलं होतं. दर वेळी लोक म्हणतात, सोड ना वैशाली, किती जणांना सांगत बसणार. मी सोडत नाही. चष्मा लावते, आणि दर वेळी तेच लिहिते: हा आमचा लालबागचा राजा नावाचा कुत्रा, तो अकराव्या दिवशी चालत परत आला. बाईचं नाव मी लिहिणार नाही, ते तिचं आहे. तिनं त्याला फक्त पोळी खाऊ घातली. फोटो मी काढला होता आणि त्याच्या पाठीवरचा हिरव्या बांगड्यांचा हात माझा आहे. मग खाली माझं पूर्ण नाव लिहिते, आणि किती वाजता लिहिलं ती वेळ.